बुरूड राजाच्या कोटात कोण होते?

कोंडाण्याच्या चैत्यगृहात शिरले की नजर थेट टोकाला जाते. साधारण ६६ फूट लांबीचे दालन, वर कमानीसारखे वळवलेले छत, मागची बाजू अर्धगोल, आणि त्या अर्धगोलाच्या मध्यावर कातळातच राखलेला स्तूप. दोन्ही बाजूंना खांबांच्या ओळी होत्या. बहुतेक खांबांचा खालचा भाग झडून गेला आहे, वरचे तुकडे छताला लोंबकळत राहिले आहेत. राजमाचीच्या पायथ्याशी, कोंदिवडे गावातून रानवाटेने चढून आले की ही लेणी लागतात. पावसाळ्यात डोक्यावरच्या कड्यावरून पाणी लेण्यांच्या तोंडावर कोसळते. खांब खाऊन टाकण्यात या पाण्याचा आणि ओलीचा मोठा वाटा आहे. दर्शनी भाग मात्र अजून पाहत राहावा असा आहे. लाकडी वाड्याचे सज्जे, जाळ्या, कमानी, वासे सारे दगडात उतरवले आहे, आणि मधल्या चौकटींत नाचणारी जोडपी आहेत, धनुष्य घेतलेला पुरुष आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातले हे काम.

चैत्याच्या डाव्या अंगाला एका भव्य मूर्तीचे डोके उरले आहे. त्याच्याजवळ ब्राह्मी लिपीत एक ओळ कोरलेली आहे. कण्हाचा शिष्य बलक याने हे केले, एवढेच ती सांगते. राजाचे नाव नाही, दानाची रक्कम नाही, वर्ष नाही. सह्याद्रीतल्या अनेक लेण्यांत दात्यांची नावे आपल्याला पुढे होऊन भेटतात. इथे एका कारागिराने आपले आणि आपल्या गुरूचे नाव ठेवले आहे.

आता त्या टोकाच्या स्तूपाकडे वळू, कारण या प्रकरणाचा विषय तोच आहे. लेणी पाहायला येणारे बहुतेक लोक त्याला नमस्कार करतात किंवा त्याच्याजवळ उभे राहून फोटो काढतात. ही समाधीची आकृती आहे हे फार थोड्यांच्या ध्यानात येते. खाली गोल जोते, वर अर्धगोल घुमट, त्यावर चौकोनी हर्मिका आणि तिच्यावर छत्र. मृताच्या अस्थींवर माती रचून केलेला ढीग, त्याभोवती कुंपण आणि वर मानाचे छत्र, असा हा मूळचा थाट. कोंडाण्याचा स्तूप पोटातून भरीव आहे, कारण तो अखंड कातळ आहे. लेणे कोरणारे वरून खाली आणि बाहेरून आत दगड काढत जातात आणि हवा तेवढा भाग शिल्लक ठेवतात. त्यामुळे त्यात खोदून काही सापडण्याचा प्रश्नच येत नाही. पण ज्यांच्यावरून ही आकृती घेतली, ते विटामातीचे स्तूप पोकळ गाभ्याचे होते. त्या गाभ्यात काय ठेवत असत आणि ते उघडले तेव्हा काय झाले, याची महाराष्ट्रातली सर्वांत चांगली हकिकत उल्हास नदीच्या दुसऱ्या टोकाला घडली. कोंडाण्याच्या पायथ्याशी वाहणारी ही नदी कर्जत, कल्याण करत पुढे वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते. त्या खाडीच्या उत्तरेला सोपारा आहे, प्राचीन शूर्पारक. त्या काळी समुद्रातून आलेला माल घाटावर जायचा तो याच नदीच्या खोऱ्याने आणि बोरघाटाने. कोंडाणे या वाटेवरचा मुक्काम होता.

सोपाऱ्याकडे जाण्याआधी एक प्रश्न सोडवायला हवा. जगभर पुरातत्त्वाच्या पुस्तकांत राजांच्या थडग्यांची प्रकरणे असतात. इजिप्तमध्ये तुतनखामेनचे थडगे १९२२ मध्ये उघडले. ग्रीसमध्ये वर्गिना इथे मानोलिस आंद्रोनिकोस यांनी १९७७ मध्ये मोठ्या मातीच्या टेकाडाखालचे मॅसिडोनियाच्या राजघराण्याचे दालन उघडले. आपल्याकडे सातवाहनांनी शतकानुशतके राज्य केले, मग त्यांची थडगी कुठे आहेत?

ती नाहीत. नाणेघाटातल्या लेण्यात राणी नागनिकेचा मोठा लेख आहे. त्यात घराण्याने केलेल्या यज्ञांची आणि दक्षिणेत दिलेल्या गाई, हत्ती, घोड्यांची यादी आहे. वैदिक यज्ञांचा असा अभिमान बाळगणाऱ्या घरात मृताला अग्नी देण्याचीच रीत असणार. त्याच लेण्यात सिमुक, सातकर्णी, नागनिका आणि राजकुमार यांच्या मूर्ती ओळीने होत्या. आज भिंतीवर त्यांची नावे आहेत आणि खाली पावलांच्या खुणा. म्हणजे राजांनी आपली आठवण ठेवली ती घाटाच्या तोंडाशी, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर. देहाच्या अवशेषांवर मोठी वास्तू उभारण्याकडे त्यांचा ओढा दिसत नाही.

त्याहून मागे गेले तर चित्र वेगळे आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठावर इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजने ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली १९६८ पासून सलग अनेक हंगाम खोदकाम केले. साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे हे शेतकऱ्यांचे गाव. लोक आपल्या मृतांना घराच्या जमिनीखालीच पुरत. मोठ्या माणसाला पुरताना घोट्याखालचे पाय तोडत. मेलेला उठून चालू लागू नये, ही भीती त्यामागे असावी असा एक तर्क आहे. पण गावातल्या पाच खोल्यांच्या मोठ्या घराच्या अंगणात एक वेगळेच दफन निघाले. चार पायांच्या, फुगीर पोटाच्या मातीच्या रांजणात सुमारे चाळिशीचा पुरुष बसवलेला होता, आणि त्याचे पाय शाबूत होते. या घराला लागून धान्याचे कोठार होते. ढवळीकरांनी या घराला गावाच्या प्रमुखाचे घर मानले. मला हा निष्कर्ष पटतो, कारण त्यात तीन गोष्टी एकमेकींना आधार देतात: घराचा आकार, शेजारचे सार्वजनिक कोठार आणि पुरण्याची निराळी पद्धत. एकटा रांजण सापडला असता तर एवढे म्हणता आले नसते.

विदर्भात लोहयुगातली शिळावर्तुळे आहेत. नागपूरजवळच्या जुनापाणीला १८६७ मध्येच खोदकाम झाले होते, आणि पुढे शां. भा. देव यांनी माहुरझरीला केलेल्या उत्खननात माणसांबरोबर पुरलेले घोडे निघाले, डोक्यावर तांब्याच्या अलंकारांसकट. तीही मानाची दफने. पण तिथून सातवाहनांपर्यंत ही परंपरा राजघराण्यांत टिकली नाही.

राजाच्या समाधीचा मान मात्र टिकला. तो गेला राज्य सोडून निघालेल्या एका माणसाकडे. बुद्धाच्या अखेरच्या दिवसांचे वर्णन करणाऱ्या महापरिनिब्बाण सुत्तात आनंद विचारतो की तथागतांच्या देहाचे काय करावे. उत्तर असे मिळते की चक्रवर्ती राजाच्या देहाचे करतात तसे करावे: नव्या वस्त्रांत गुंडाळावा, सुगंधी लाकडांच्या चितेवर दहन करावे आणि चार रस्ते मिळतात तिथे स्तूप बांधावा. पुढे अस्थींवरून राज्ये भांडायला उठतात, द्रोण नावाचा ब्राह्मण त्यांचे आठ वाटे करतो, आणि आठ ठिकाणी स्तूप होतात. वाटणीचे भांडे द्रोण स्वतः मागून घेतो. उशिरा पोहोचलेल्या मोरियांना चितेतले कोळसे मिळतात. भांड्यावर आणि कोळशांवरही स्तूप होतात. देहाचा अंश, वापरलेली वस्तू किंवा नुसता स्पर्श झालेली गोष्टसुद्धा समाधीच्या गाभ्यात बसू शकते, ही कल्पना इथे पक्की झाली, आणि सोपाऱ्याला जे निघाले ते तिच्याशिवाय समजत नाही.

सोपाऱ्याजवळ झाडीत एक मोठे गोल टेकाड होते. लोक त्याला बुरूड राजाचा कोट म्हणत. जुन्या ढिगाऱ्यात राजा असतो ही लोकांची अटकळ किती जुनी आणि किती सर्वत्र पसरलेली आहे! १८८२ च्या एप्रिलमध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी हे टेकाड खोदले. भगवानलाल मूळचे जुनागढचे. गिरनारच्या पायथ्याच्या शिलालेखांनी त्यांना लहान वयातच ओढून घेतले. मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासाठी त्यांनी हिंदुस्थानभर आणि नेपाळात फिरून लेखांचे ठसे घेतले. भाऊ दाजींच्या पश्चात ते स्वतःच्या बळावर काम करत राहिले, आणि १८८४ मध्ये लायडन विद्यापीठाने त्यांना सन्मान्य पदवी दिली. जेम्स कॅम्पबेल यांच्या ठाणे जिल्हा गॅझेटियरसाठी त्यांनी पुरवलेली माहिती आजही अभ्यासक उघडून पाहतात. सोपाऱ्यालाच, १८८२ मध्येच, त्यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला होता. अशोक शिकारीच्या सहली सोडून धर्मयात्रेला निघाला, ते सांगणारा हा लेख. त्यामुळे शूर्पारक मौर्यकाळापासून महत्त्वाचे ठाणे होते हे निश्चित झाले, आणि टेकाड साधे नसणार ही खात्री वाढली.

त्यांनी टेकाडाच्या कडेपासून मध्यापर्यंत चर खणला. वरून खड्डा पाडण्यापेक्षा ही रीत चांगली, कारण चराच्या भिंतीत बांधकामाचे थर उभे दिसतात. कुठे भरणीची माती आहे, कुठे विटा आहेत आणि त्या कशा बसवल्या आहेत, हे एका नजरेत कळते. हा विटांचा स्तूप आहे हे लवकरच स्पष्ट झाले. बरोबर मध्यावर, विटांनी राखलेल्या पोकळीत, झाकण असलेली मोठी गोल दगडी पेटी होती.

पेटीच्या मधोमध तांब्याचा करंडक होता आणि त्याच्याभोवती कडे करून बुद्धांच्या आठ लहान कांस्यमूर्ती बसवलेल्या होत्या. त्यांतले सात म्हणजे होऊन गेलेले बुद्ध: विपस्सी, शिखी, वेस्सभू, ककुसंध, कोणागमन, कस्सप आणि गौतम. आठवा मैत्रेय, जो अजून यायचा आहे. तांब्याच्या करंडकात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि त्यात सोन्याचा करंडक. मधल्या जागांत सोन्याची फुले आणि रत्ने. सर्वांत आतल्या सोन्याच्या करंडकात हाडे नव्हती, राख नव्हती. मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे होते.

भगवानलालांनी त्यांचा अर्थ लावला तो असा की हे बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून ठेवलेले आहेत. मला या शोधातली सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते. पाच आवरणांत शेवटचे आवरण सोन्याचे, आणि त्याच्या आत अत्यंत स्वस्त पदार्थ, भाजलेली माती. ज्या समाजाने हे पुरले त्याला सोन्याची किंमत ठाऊक नव्हती असे नाही. सोपारा बंदर होते, व्यापाऱ्यांचे शहर होते. बौद्ध कथांत शूर्पारकाच्या पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची गोष्ट आहे. तो भिक्षू होतो आणि त्याच्या बोलावण्यावरून बुद्ध या नगरात येतात, चंदनाचा प्रासाद उभा राहतो. ही कथा इतिहास नाही. पण बुद्धाची एखादी वस्तू आपल्या गावात असावी अशी आस या शहराला का होती, ते तिच्यातून कळते.

पेटीचा काळ ठरवणे मात्र सोपे नव्हते, आणि इथे थोडे थांबणे भाग आहे. ऐवजाबरोबर सातवाहन राजा गौतमीपुत्र यज्ञश्री सातकर्णी याचे चांदीचे नाणे निघाले. सातवाहनांची चांदीची नाणी दुर्मीळ, त्यामुळे तेच एक मोठे घबाड. यज्ञश्रीचा काळ इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाचा शेवट. नाणे फारसे झिजलेले नव्हते, म्हणजे पाडल्यावर लवकरच ते पुरले गेले असावे. एवढ्यावरून पेटी दुसऱ्या शतकातली म्हणावी, तर कांस्यमूर्ती आडव्या येतात. त्यांची घडण, बसण्याची ढब, पीठे आणि चेहरे पाहिले तर त्या आठव्या-नवव्या शतकातल्या ठरतात. दोन्हींत सहाशे वर्षांचे अंतर.

पुरातत्त्वात एक साधा नियम आहे. बंद जागेतली सर्वांत अलीकडची वस्तू ती जागा शेवटची कधी बंद झाली ते सांगते. जुनी वस्तू कुणीही कधीही आत ठेवू शकतो, पण अजून घडलीच नाही अशी वस्तू ठेवता येत नाही. म्हणून सोपाऱ्याची पेटी आठव्या-नवव्या शतकापूर्वी शेवटची बंद झालेली असू शकत नाही. नाणे आणि मूर्ती यांचा मेळ सर्वांत सरळ बसतो तो असा: स्तूपाचा गाभा सातवाहनकाळात भरला, शतकांनंतर भाविकांनीच तो उघडला, मूर्ती बसवल्या आणि नाण्यासकट जुना ऐवज पुन्हा सांभाळून ठेवला. चोरीसाठी गाभा उघडलेला असता तर सोन्याचा करंडक आपल्याला दिसला नसता. म्हणजे १८८२ मध्ये उघडलेला गाभा हा दुरुस्त केलेला, जपलेला, अनेक पिढ्यांच्या हातांतून गेलेला गाभा होता. आणि आठव्या-नवव्या शतकातही कोकणच्या या बंदरात बौद्ध उपासक पैसा आणि श्रम खर्चून मूर्ती घडवून घेत होते, हेही त्यातूनच कळते. कोणत्याही ताम्रपटाने आपल्याला हे सांगितले नव्हते.

हे सारे कळले ते कोणती वस्तू कशाच्या आत आणि कशाच्या शेजारी होती याची नोंद ठेवल्यामुळे. वस्तूंचे वर्णन आणि मांडणी मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या शाखेच्या नियतकालिकात छापली गेली. पेटी आणि तिच्यातला ऐवज आज त्याच सोसायटीच्या संग्रहात, मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये आहे.

उलट उदाहरणही जवळच आहे. कान्हेरीच्या चैत्यासमोरचा स्तूप डॉ. जेम्स बर्ड यांनी १८३९ मध्ये फोडला. तांब्याची भांडी, राख, माणिक, मोती, सोने, कापडाचा तुकडा असे बरेच काही मिळाले. एक ताम्रपट होता त्रैकूटकांच्या २४५ व्या वर्षाचा, म्हणजे इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या अखेरचा. तो ताम्रपट पुढे हरवला. आज आपल्याजवळ आहे ती त्याची नक्कल आणि तिच्यावरून केलेली वाचने. उत्खननाने समाधी एकदाच उघडता येते. ज्याने उघडली त्याने नीट लिहून ठेवले नाही, वस्तू सांभाळल्या नाहीत, तर दुसऱ्या कोणालाही ते काम पुन्हा करता येत नाही. या बाबतीत भगवानलालांचे आपल्यावर मोठे ऋण आहे, आणि ते नाव शाळेच्या पुस्तकांत नाही याची मला खंत वाटते.

वर्गिनाचे दालन आणि सोपाऱ्याची पेटी शेजारी ठेवून पाहिली तर नवल वाटते. तिथेही संगमरवराच्या पेटीत सोन्याची पेटी होती आणि तिच्यात दहन केलेल्या, जांभळ्या वस्त्रात गुंडाळलेल्या अस्थी होत्या. दहन, मग मौल्यवान आवरण, मग दगड, मग वर टेकाड: क्रम जवळजवळ तोच. ते फिलिप राजाचे दालन की दुसऱ्या कोणाचे, यावर अभ्यासक अजून भांडतात. पण तिथे राजासोबत त्याची शस्त्रे, ढाल, चांदीची पानपात्रे पुरली होती, दालनाला दार होते, आणि एकदा माती लोटल्यावर आत कुणी जायचे नव्हते. स्तूपाचे उलटे आहे. गाभा बंद, पण बाहेरची वाट कायम मोकळी, कारण त्याच्याभोवती लोकांनी उजवी घालून फिरायचे असते. कोंडाण्याचे अर्धगोल दालन आणि खांबांमागची अरुंद वाट ही सोय त्यासाठीच आहे. टेकाडाभोवतीची प्रदक्षिणा छताखाली आणली की चैत्यगृह होते.

मूळ टेकाड कसे असेल, याचाही पुरावा एका मराठी अभ्यासकाच्या हातून पुढे आला. कोल्हापूरकडचे अनंत सदाशिव आळतेकर पाटण्याच्या काशीप्रसाद जयस्वाल संशोधन संस्थेचे संचालक असताना, १९५८ मध्ये, त्यांनी वैशालीला एक स्तूप उघडला. पोटात मातीचा लहानसा ढिगारा होता आणि त्यावर वेळोवेळी विटांची आवरणे चढवून तो वाढवलेला होता. आत मऊ दगडाच्या करंडकात राखमिश्रित माती, एक छोटा शंख, काचेचे दोन मणी, सोन्याच्या पत्र्याचा तुकडा आणि तांब्याचे एक आहत नाणे होते. बुद्धाच्या अस्थींच्या आठ वाट्यांपैकी वैशालीच्या लिच्छवींना मिळालेल्या वाट्यावरचा तो मूळ स्तूप, असे आळतेकरांचे मत होते. सोपाऱ्याच्या झगमगाटापुढे हा ऐवज अगदी साधा. 

चक्रवर्तीकडून बुद्धाकडे आलेला हा मान पुढे आणखी खाली उतरला. लोणावळ्याच्या पलीकडे भाज्याला एका ठिकाणी चौदा लहान स्तूप आहेत, पाच छताखाली आणि नऊ बाहेर. काहींवर नावे आहेत: अंपिकिणक, धमगिरी, संघदिन. हे त्या विहारात राहून गेलेले थेर, म्हणजे ज्येष्ठ भिक्षू. कान्हेरीला विटांच्या लहान स्तूपांची अख्खी ओळच होती. तिथल्या लेखांचे वाचन डेक्कन कॉलेजच्या शोभना गोखले यांनी केले. त्यांत थेरांच्या नावांबरोबर त्यांनी गाठलेल्या साधनेच्या पायऱ्याही नोंदवल्या आहेत, कोणी त्रैविद्य, कोणी षडभिज्ञ. चार रस्त्यांवर चक्रवर्तीसाठी बांधायचा तो स्तूप या डोंगरांत शिकवणाऱ्या, भिक्षेवर जगलेल्या वृद्ध गुरूंच्या वाट्याला आला, आणि तो बांधताना त्यांच्या शिष्यांनी छत्रसुद्धा वगळले नाही.